शहर गातं म्हणे

ऑक्टोबर लागला आणि विनूचा मेसेज आला. विनू म्हणजे माझा धाकटा भाऊ. धामणकर नाक्यामागच्या गल्लीत त्याचे गाळे आहेत, गाळ्यांत लूम आहेत, आणि गेल्या वर्षीपासून त्याला संस्कृतीची हौस आली आहे. "ताई, यंदापण नादनगरी महोत्सव करतोय. सूत्रसंचालन तूच कर. तुझ्यासारखं मराठी भिवंडीत कुणाचं न्हाय." खाली पोस्टर. लूममधून धागे निघतात, पुढे जाऊन त्यांच्या सतारीच्या तारा होतात, आणि वर सोनेरी अक्षरांत लिहिलंय, 'ऐका, शहर गातंय.'

तव्यावर पोळी होती, ती करपली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती अशी जाते, हातात उलथनं धरून गॅससमोर उभं असताना. शहर गातंय! मेल्यांनो, शहर गात होतं तर राजव्वाचा आवाज कुठे गेला मग?

थांबा. राजव्वा कोण ते सांगते. पण आधी इथला ऑक्टोबर सांगू द्या, कारण त्याच्याशिवाय यातलं काहीच कळायचं नाही.

पाऊस गेलेला असतो आणि रस्त्यातल्या खड्ड्यांमधलं पाणी आटून त्याची धूळ झालेली असते. गोदामांकडे जाणारे कंटेनर ती धूळ उडवत जातात. ऊन असं पडतं की रिक्षाच्या सीटला पाठ चिकटते. उकाड्यामुळे गाळ्यांची दारं, खिडक्या, वरचे पत्र्याचे झरोके, सगळं उघडं टाकतात, आणि मग आत पावसाळाभर कोंडलेला आवाज सगळा गल्लीत येतो. त्यात दिवाळीचा सीझन. कापडाच्या ऑर्डरी अंगावर, त्यामुळे गाळ्यागाळ्याला आळीपाळीनं मिळणारी आठवड्याची सुट्टीसुद्धा रद्द. दोन पाळ्यांत लूम चालतात, दिवस-रात्र. सुताचे बारीक तंतू हवेत तरंगतात आणि घामेजल्या मानेला येऊन चिकटतात. पेल्यात पाणी ओतून ठेवलं तर त्या पाण्यावर वर्तुळं उठत राहतात. बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी वाटतं की आवाज कानात होतोय. दुसऱ्या दिवशी त्याला कळतं की तो दातांत होतोय.

आणि त्याच दिवसांत तिकडे दिघाशीला, आमच्या शेतावर, भात पिवळं पडलेलं असतं. हळवं भात कापायला आलेलं. बांधावर उभं राहिलं की लोंब्यांची सळसळ ऐकू येते, खेकड्याच्या बिळाशी पाणी झिरपतं तेसुद्धा ऐकू येतं. एकाच तालुक्यातली ही दोन ठिकाणं, एकच महिना. विनूनं आता दिघाशीला बंगला बांधलाय. दुहेरी काचांच्या खिडक्या आहेत त्याला. पाहुणे आले की तो त्यांना गच्चीवर नेतो आणि हात वर करून म्हणतो, "ऐका, काय ऐकू येतंय? काय पण न्हाय!" पाहुणे माना डोलावतात. त्या शांततेच्या खाली लूमचा पैसा आहे हे पाहुण्यांना माहीत असतं, पण चहा चांगला असतो.

मी लहान होते तेव्हा आम्ही नाक्यामागच्या त्या गल्लीतच राहायचो. आता जिथे गाळे आहेत तिथे आमचं घर होतं, पुढे अंगण, मागे विहीर. मग बाबांनी अर्धं घर पाडून खाली लूम टाकले आणि वरच्या लांबलचक खोलीत राजव्वाला बिसी चालवायला जागा दिली. बिसी म्हणजे कामगारांची खानावळ. गावाकडे बायको-पोरं ठेवून आलेली माणसं बिसीत महिन्यानं जेवतात. राजव्वा तेलंगणातून नवऱ्याबरोबर आली होती. नवरा लूमवर होता, छातीच्या दुखण्यानं तरुणपणीच गेला. राजव्वानं पदर खोचला आणि चूल पेटवली. आम्ही तिला मावशी वगैरे कधी म्हटलं नाही. सगळं जग तिला राजव्वा म्हणायचं, आम्हीपण.

त्या खोलीतलं जेवण मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. दिसतं म्हणते, कारण तिथे ऐकू काहीच यायचं नाही. खाली लूम धडधडतायत, वर पन्नासेक ताटं, आणि कुणी चकार शब्द बोलत नाही. बोलून उपयोगच नसायचा. तिथे हातानं बोलायचे. मूठ उघडून बोटं पसरली की भात. हाताची ओंजळ केली की आमटी. दोन बोटांनी चिमूट दाखवली की मीठ. ताटावर तळहात आडवा धरला की बस, पोट भरलं. आणि राजव्वा बोटं जुळवून तोंडापाशी नेऊन भुवया उडवायची, म्हणजे 'जेवलास का, बस खाली'. तिला पाठ फिरवून उभं राहिलेल्याचं मात्र कळायचं नाही. म्हणून नवा कामगार आला की जुने लोक त्याला पहिली गोष्ट हीच शिकवायचे, राजव्वाकडे तोंड करून बस. भांड्यांच्या खाली तिनं जुन्या लुगड्याचे तुकडे घातले होते. नाहीतर हादऱ्यांनी झाकणं फळीवरून चालत चालत खाली पडायची.

शाळेतून आले की मी वर पळायची. राजव्वा मला जवळ ओढायची आणि कानाशी तोंड आणून तिच्या भाषेत विचारायची, "तिन्नावा?" जेवलीस का? मीपण तिच्या कानाशी जाऊन ओरडायची, "इंका लेदु!" अजून नाही. हे मला लक्ष्मीनं शिकवलं होतं. लक्ष्मी तिची मुलगी, माझ्याच वयाची. घरी जेवून गेले असले तरी मी 'इंका लेदु'च म्हणायची. मग नाचणीची गरम अंबील नाहीतर चिंचेचं तिखटजाळ सार मिळायचं. माझ्या आईला हे ठाऊक होतं. "तुजं पोट हाय का पोतं गो?" म्हणायची.

भिवंडीची माणसं मोठ्यानं बोलतात, अशी आमची चेष्टा होते. बोलतोच. एकदा शिक्षकांच्या शिबिरासाठी पुण्याला गेले होते, तिथे जेवणाच्या टेबलावर मी "चटणी द्या" म्हटलं तर सगळा हॉल वळून बघायला लागला. मी मराठी शिकवते. आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागून लूम आहेत. अंगाईगीत शिकवायचं असलं तरी ते ओरडून शिकवावं लागतं. मुलं हसतात. मीही हसते. पण घरी आल्यावर घसा बसलेला असतो, आणि डाव्या कानात एक बारीक शिट्टी वाजत राहते, ती झोपेपर्यंत थांबत नाही.

आणि या सगळ्यावर लोक कविता करतात! कुणी कॅमेरा घेऊन येतो, कुणी रेकॉर्डर घेऊन. दोन तास गाळ्यात उभे राहतात, कानांत बोळे घालून, बरं का, आणि बाहेर येऊन म्हणतात, "काय लय आहे हो! हे तर या शहराच्या हृदयाचे ठोके." मग संध्याकाळच्या आत ठाण्याला परत. दुरून डोंगर साजरे, आणि या शहाण्यांना दूर राहता येतं, म्हणून साजरे. पाळीवरच्या कामगाराला विचारा ना लय कशी आहे ते. त्याला तुमचा प्रश्नच ऐकू यायचा नाही. हे मी चिडून बोलत नाही, म्हणजे चिडून बोलतेच आहे, पण खोटं बोलत नाही. पुढे सांगते तेव्हा कळेल.

गेल्या वर्षी पितृपक्ष संपता संपता राजव्वा पडली. हॉस्पिटलमध्ये ठेवलं, मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. म्हणजे काय ते आपल्याला कळतं. चार माणसांनी खुर्चीत बसवून तिला त्या अरुंद लोखंडी जिन्यावरून वर नेलं आणि खोलीच्या टोकाला, साडीच्या पडद्याआड, तिच्या खाटेवर ठेवलं. एका टोकाला आता बिसी चालवणाऱ्या लक्ष्मीच्या चुली, दुसऱ्या टोकाला राजव्वा, आणि दोघींच्या पायांखाली विनूचे लूम.

मी रोज शाळा सुटली की जायची. राजव्वा शुद्धीवर होती. डोळे लख्ख. पण हात सुजून जड झाले होते, उचलताच येत नव्हते. उभा जन्म जी बाई हातांनी बोलली, तिचे हातच गेले. उरला होता आवाज, आणि तोही एवढासा. तिसऱ्या दिवशी ती काहीतरी सांगायला लागली. ओठ हलत होते. थांबत होते, पुन्हा हलत होते. नुसतं पुटपुटणं नव्हतं ते. ती लक्ष्मीच्या तोंडाकडे बघत होती, उत्तराची वाट बघत होती. लक्ष्मीनं कान तिच्या ओठांना लावला. मी लावला. श्वास गालाला लागत होता, पण शब्द नाही. खालून नुसतं खटाखट, खटाखट.

लक्ष्मी तिला नुसते ओठ हलवून विचारत राहिली. पाणी? राजव्वा मान हलवायची, नाही. दुखतंय? नाही. कुणाला बोलवायचंय? नाही. भात-आमटीला खुणा असतात, हे काहीतरी वेगळं होतं आणि त्याला खूण नव्हती. लक्ष्मी पडद्याबाहेर आली, माझ्या कानाशी येऊन ओरडली, "ताई, एक तास. एकच तास मशीन बंद करायला सांगा ना विनूशेठला. अम्मा काय बोलते ते मला ऐकायचंय."

एवढीच मागणी होती. बाकी काही नको होतं तिला.

माझ्या घरी हलवू म्हटलं होतं मी. पण त्या जिन्यावरून चढवतानाच राजव्वाचा श्वास अडकला होता. "उतरवताना जीव गेला तर?" लक्ष्मी म्हणाली, आणि तिचं खरं होतं. माणूस हलवता येत नव्हतं. मशीन थांबवता येत होती. लहान पोरालाही कळेल की यातलं काय करायचं.

विनूकडे गेले. तो ऑफिसात मंडपवाल्याशी बोलत होता. महोत्सव पुढच्या रविवारी. मी सांगितलं. त्याचा चेहरा खरंच उतरला, हे मी नाकारत नाही. राजव्वाच्या हातचं त्यानंही खाल्लंय. म्हणाला, "ताई, काय पायजेल ते सांग. नर्स ठेवू? वर एसी बसवून देतो आजच्या आज."

"एसी नको. एक तास लूम बंद कर."

"सीझन हाय ताई. पार्टीचा माल अडकलाय."

"एका तासानं पार्टी बुडते?"

तेव्हा त्यानं दार लोटलं आणि खरं कारण सांगितलं. "तासाचं न्हाय गं. एकदा बंद केलं की सवय लागते लोकांना. आज राजव्वा. उद्या कुणाच्या पोराची परीक्षा, परवा कुणाची बाळंतीण. मी कुणाकुणासाठी बंद करू? गल्लीतले बाकीचे शेठ मला जोड्यानं मारतील."

मी वाट्टेल ते बोलले त्याला. आईपण बोलली. ऐंशीच्या घरातली माझी आई, दिघाशीहून रिक्षा करून आली, काठी टेकत ऑफिसात शिरली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "विनू, बंद कर रं मशीन दोन घटका. बाय मराला टेकलीय. तुजी मशीन काय मरत न्हाय."

"आये, तुला कलायचं न्हाय त्यातलं," विनू म्हणाला.

"मना सगलं कलतं," आई म्हणाली. "तुना बंगला शांत जागी बांधलास, तवाच कललं."

त्यानं तिला बसायला खुर्ची ओढून दिली. पण लूम बंद झाले नाहीत. संध्याकाळी राजव्वासाठी फळांची करंडी आली, शहाळी आली, खरंच एसीवाला माणूसही आला. लक्ष्मीनं त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं. विनूनं आपल्या परीनं सगळं दिलं, एक खटका सोडून.

मी त्या दिवसांत काय केलं सांगू? देवाकडे लाईट जाऊ दे म्हणून मागणं मागितलं. एरवी नको तेव्हा जाते, परीक्षेत जाते, पीठ दळायला टाकलं की जाते. त्या आठवड्यात मेली डोळा मिचकवायला तयार नाही! मी राजव्वाच्या खाटेशी बसून वरच्या बल्बकडे बघत राहायची. तो जळतच होता. मंगळवारी दुपारी, पहिली पंगत उठता उठता, राजव्वा गेली. लक्ष्मी तेव्हा तिच्या तोंडाशी कान लावूनच बसली होती. श्वास थांबलेला तिला गालावर कळला. मग ती उठली आणि पंगतीकडे तोंड करून दोन्ही हात जोडून उभी राहिली. पन्नास माणसांनी एकदम घास खाली ठेवले. खालचे लूम चालूच होते. प्रेत जिन्यावरून उतरवलं तेव्हाही चालू होते. बायकांनी हंबरडा फोडला, त्यांची तोंडं उघडलेली मला दिसली.

आता पुढचं ऐका.

शनिवारी महोत्सवाची तालीम होती. नाक्यामागच्या मैदानात स्टेज, स्टेजवर रंग देऊन चकाचक केलेला एक लूम, त्याला झेंडूच्या माळा. बाजूला तबलजी, सतारवाले, पाहुणे कलाकार. कल्पना अशी की लूमच्या ठेक्यावर जुगलबंदी करायची. सुरू केलं तर तबला ऐकूच येईना! सतार म्हणजे नुसती बोटं हलताना दिसतायत. स्टेजवरचा लूमसुद्धा आजूबाजूच्या शेकडो लूमच्या आवाजात वेगळा कळेना. कलाकार वैतागले. "इतक्या गोंगाटात आम्ही वाजवू शकत नाही," म्हणाले. गोंगाट म्हणाले! त्यांच्या तोंडून खरा शब्द निघाला, पण कुणाच्या लक्षात आला नाही.

मग विनूनं फोन लावले. हा शेठ, तो शेठ, पलीकडच्या गल्लीतला तिसरा. अर्ध्या तासात ठरलं. रविवारी संध्याकाळी सहा ते नऊ, आजूबाजूच्या तिन्ही गल्ल्यांमधले सगळे लूम बंद. का? तर शहराचं गाणं नीट ऐकू यावं म्हणून.

कुणीही विनूला जोड्यानं मारलं नाही. कुणाला सवय लागायची भीती वाटली नाही. मी तिथेच उभी होते, हातात सूत्रसंचालनाचे कागद. भाऊ हौसेनं काही करतोय म्हणून महिन्यापूर्वी हो म्हटलं होतं. कागद मी स्टेजवरच्या लूमवर ठेवले आणि म्हटलं, "विनू, दुसरी बघ कुणीतरी." त्यानं विचारलं, "काय झालं ताई?" त्याला खरंच कळलं नव्हतं. याचाच मला जास्त राग आला, अजून येतो. दुष्टपणानं केलं असतं तर समजून घेता आलं असतं. याला ती गोष्ट सुचलीच नाही! पाच दिवसांपूर्वी एक बाई एक तास मागत होती आणि आज आपण तीन तास वाटतोय, हे दोन हिशेब त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी आलेच नाहीत. ज्याचं जळतं त्याला कळतं. बाकीच्यांना त्याचा उजेड दिसतो आणि ते म्हणतात, काय सुंदर दिवाळी.

यंदाच्या मेसेजला मी उत्तर पाठवलंय. लिहिलं, "येते. एका अटीवर. पाहुण्यांना लक्ष्मीच्या खोलीत बसवायचं, खाली लूम चालू ठेवायचे, आणि मग प्रत्येकानं शेजारच्याला आपल्या आईचं नाव हळूच सांगायचं. ऐकू आलं तर मी तुमच्या शहराच्या गाण्यावर पोवाडा लिहून देईन." त्यानं हसणारा चेहरा पाठवला. त्याला वाटलं ताई गंमत करतेय. आपला तो बाब्या, काय करणार! रक्ताचा आहे, म्हणून शिव्या पुऱ्या देता येत नाहीत आणि गप्पही बसता येत नाही.

गेल्या वर्षी त्या रविवारी सहाला मी लक्ष्मीकडे गेले. लोखंडी जिना चढत होते आणि लूम बंद पडायला लागले. एकेक करत. आधी आमच्या खालचे, मग समोरचे, मग मागच्या गल्लीतले. शेवटचा थांबला आणि अशी काही शांतता झाली की माझी मान आपोआप खांद्यांत गेली. कुठल्या तरी खोलीत तान्हं बाळ दचकून उठलं आणि रडायला लागलं. म्हातारे कामगार गल्लीत येऊन तारांकडे बघत होते, लाईट गेली की काय, तर ट्यूबलाइट जळतायत. "क्या हुआ?" कुणीतरी सवयीनं ओरडलं, आणि आपलाच आवाज ऐकून ओशाळलं. एरवी लाईट गेली की माणसांचाच कल्ला होतो; कबुतरं घुमतायत हे मी त्या गल्लीत पहिल्यांदा ऐकलं. लहानपणापासून ती मला फक्त दिसली होती.

बिसीत लोक जेवायला बसले होते. एवढी शांतता, पण कुणी बोलेना. बोटं पसरून भात मागत होते, ओंजळ करून आमटी. पंगत उठली, माणसं खाली गेली. लक्ष्मी चुलीशी बसून राहिली. राजव्वाचा दहावाही झाला नव्हता, पण बिसी बंद ठेवून कसं चालेल? एवढी माणसं जेवणार कुठे?

मी उष्टी ताटं गोळा करून ठेवली. मग ती म्हणाली, साध्या आवाजात, ओरडून नाही, "ताई, एक काम कराल?"

"सांग."

"अम्माच्या खाटेवर बसा. आणि काहीतरी बोला. हळू बोला. अम्मा बोलायची तेवढंच."

मला कळेना हिचं काय चाललंय. पण गेले. पडद्याआड खाटेवर बसले. गादी काढून टाकलेली होती, नुसत्या पट्ट्या. काय बोलायचं? मला दुसरं काही सुचलंच नाही. ओठ हलतील न हलतील एवढ्यानं मी म्हटलं, "तिन्नावा?"

खोलीच्या त्या टोकाहून, चुलीपासून, लक्ष्मीचा आवाज आला. "इंका लेदु."

मी पडद्याआडच तोंडात पदर कोंबला. ती म्हणाली, "ऐकू आलं ताई. इथपर्यंत आलं. मला जवळ यायलापण लागलं नाही."

तेवढ्यात मैदानातल्या स्पीकरवरून सूत्रसंचालिकेचा गोड आवाज आला. माझ्या जागी कुणीतरी ठाण्याची बाई आणली होती. स्टेजवर त्यांनी रमजानचाचांना बसवलं होतं, विनूच्या गाळ्यातले सगळ्यात जुने कारागीर, शाल-श्रीफळासाठी. सगळी गल्ली बंद, त्यामुळे शब्दन् शब्द वर येत होता. "चाचा, ही लय तुमच्या रक्तात कशी उतरली, सांगाल?"  आणि मग चाचांचा खणखणीत आवाज, "ज़ोर से बोलिए मैडम, सुनाई नहीं देता."

लोक हसले. टाळ्या वाजवल्या, हो, टाळ्या! आणि मग तो एकटा लूम सुरू झाला. झेंडूच्या माळा घातलेला. खट, खट, खट. लांबून, एकटाच, मागे तबल्याची साथ. आणि काय सांगू, छान वाटत होता ऐकायला. हेच तर मला सहन होत नाही. चांगला वाटला तो मला. लांबून, एकटा, आणि पायांखाली नसलेला.

लक्ष्मी ऐकत होती. तिनं चुलीवरची आमटी खाली घेतली, मला हाक मारली, मी येऊन तिच्याजवळ पाटावर बसले. आम्ही बोललो मग. राजव्वाबद्दल, तिच्या सारात चिंच किती असायची त्याबद्दल, लहानपणीच्या विहिरीबद्दल. साध्या आवाजात बोललो. चाळीस वर्षांच्या ओळखीत त्या खोलीत आम्ही दोघी पहिल्यांदाच एवढं निवांत, साध्या आवाजात बोलत होतो, आणि मला लक्ष्मीचा आवाज किंचित घोगरा आहे हे त्या दिवशी कळलं. तिकडे आभारप्रदर्शन झालं, राष्ट्रगीत झालं. आम्ही उठून उभ्या राहिलो, परत बसलो.

मग लक्ष्मीनं हातातली पळी खाली ठेवली आणि म्हणाली, "ताई, मी आठवडाभर विचार करतेय. ओठ कसे हलत होते ते आठवून आठवून बघतेय. मला वाटतं अम्मा मला म्हणत होती की..."

आणि खाली खटके पडले. आमच्या गाळ्यातला पहिला लूम, मग दुसरा, मग सगळे एकदम. फरशी थरथरली, फळीवरची झाकणं वाजली. समोरच्या गल्लीतले सुरू झाले, मागचे सुरू झाले. लक्ष्मीचे ओठ हलत होते. वाक्य तिनं अर्ध्यावर सोडलं नव्हतं, ती पूर्ण सांगत होती, माझ्या डोळ्यांत बघून. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी कान पुढे केला. तोवर तिचं सांगून झालं होतं.

पुढे दिवाळीनंतर भाजीबाजारात भेटली तेव्हा मी विचारलं तिला, तेव्हा काय म्हणाली होतीस. तिनं मेथीची जुडी उलटीपालटी करत म्हटलं, "जाऊ द्या ताई. ते तेव्हाच निघालं होतं तोंडातून. आता नाही निघायचं."

त्या संध्याकाळी मात्र तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की मला काही कळलेलं नाही. तिनं पुन्हा सांगायचा प्रयत्न केला नाही. पदरानं डोळे पुसले, हात उचलला, पाची बोटं जुळवून तोंडापाशी नेली, आणि अगदी राजव्वासारख्या भुवया उडवल्या. जेवलीस का, बस.

मी तिच्याकडे तोंड करून बसले, आणि बोटं पसरून भात मागितला.